क्रेनचा रिमोट: बसवण्यापासून हातात घेण्यापर्यंत

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या शेडमध्ये ईओटी क्रेनला (छताखाली रुळांवर चालणाऱ्या विजेच्या क्रेनला) पेंडंट, म्हणजे केबलने लटकणारा बटणांचा डबा, असला तरी तो आता बरेचदा गुंडाळून वर बांधलेला दिसतो. काम चालतं ते ऑपरेटरच्या कमरेला लटकलेल्या रिमोटवर. सिन्नर-गोंद्याकडच्या लांबलचक बेमध्ये (क्रेन चालते त्या शेडच्या पट्ट्यात) तर पेंडंट धरून लोडच्या मागे चालत राहणं कुणालाच नको असतं. आयटीआय करून नुकतीच लागलेली मुलं किंवा हेल्परचे ऑपरेटर झालेले जुने गडी, यांच्या हातात हा डबा पहिल्याच आठवड्यात येतो. सोबत शिकवणी मिळते ती एवढीच: "हे वर, हे खाली, लाल दाबलं की बंद." त्यापुढचं इथे लिहितो आहे.

पेंडंटवर असतात तीच बटणं रिमोटवर असतात. फरक पडतो तो केबलचा. पेंडंटची केबल तुम्ही कुठे उभं राहायचं ते ठरवून टाकायची. ती लोडच्या नको तितकं जवळ ठेवायची हे खरं, पण क्रेन नजरेआड होऊ द्यायची नाही. रिमोटने हे बंधन काढलं. आता कुठे उभं राहायचं, कशाकडे बघायचं आणि मोकळ्या हाताने काय करायचं, हे तिन्ही ऑपरेटरच्या मर्जीवर आलं. माझ्या पाहण्यातले रिमोटच्या क्रेनवरचे गोंधळ या तीन गोष्टींतूनच झाले आहेत. रेडिओने दगा दिला असं क्वचितच.

बसवणं इलेक्ट्रिशियनचं काम आणि चालवणं ऑपरेटरचं, तरी दोघांनी दोन्ही भाग वाचावेत.

सेट मागवण्याआधी

आधी क्रेनचं पॅनल उघडून बघा, मग विक्रेत्याला फोन करा. साध्या सिंगल गर्डर क्रेनला सहा हालचाली असतात: हूक वर-खाली, ट्रॉली डावी-उजवी म्हणजे सीटी, आणि अख्खी क्रेन पुढे-मागे म्हणजे एलटी. यातल्या कुठल्या हालचालीला दोन स्पीड आहेत ते लिहून काढा. दोन स्पीड असतील तर रिमोटला दोन टप्प्यांचं बटण लागतं: अर्धं दाबलं की हळू, पूर्ण दाबलं की जोरात. भोंगा, लाइट, दुसरा होइस्ट असेल तर तेही त्याच यादीत घाला.

कंट्रोल व्होल्टेज, म्हणजे बटणांच्या सर्किटचं व्होल्टेज, मीटरने मोजा. आपल्याकडच्या क्रेनला ते बहुधा ११० व्होल्ट एसी असतं, पण जुन्या क्रेनवर मधल्या काळात कुणी ट्रान्सफॉर्मर बदलला असेल तर ड्रॉइंगमध्ये एक आणि पॅनलमध्ये दुसरंच निघतं. रिसीव्हर, म्हणजे क्रेनवर बसणारा आणि रिमोटचा सिग्नल घेणारा डबा, त्याच व्होल्टेजचा हवा.

फ्रिक्वेन्सी हा नवख्यांना अवघड वाटणारा विषय, पण खरेदीपुरता सोपा आहे. भारतात अशा कमी ताकदीच्या रिमोटसाठी ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासचा आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो. परदेशातून परस्पर आलेला ९१५ मेगाहर्ट्झचा सेट स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, तो पट्टा इथे मोकळा नाही. विक्रेत्याकडे दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची मंजुरी मागा. खरा माल असेल तर तो कागद लगेच पुढे येतो.

आणि एक प्रश्न हमखास विचारा: इमर्जन्सी स्टॉपच्या (लाल बटणाच्या) मागे रिसीव्हरमध्ये किती रिले (विजेवर चालणारे छोटे स्विच) आहेत? चांगल्या सेटमध्ये दोन मेन रिले सीरिजमध्ये असतात, म्हणजे एक चिकटला तरी दुसरा सर्किट तोडतो. फक्त एकाच रिलेवर चालणारा सेट लोखंड उचलणाऱ्या क्रेनवर बसवू नये. भाव करायचा तर बाकीच्या गोष्टींत करा.

वर चढून बसवताना

काम साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवा. खाली उत्पादन चालू आणि वर तुम्ही पॅनल उघडून बसलेले, हे दोघांनाही धोक्याचं. हूक रिकामा करून क्रेन बेच्या टोकाला शिडीपाशी आणा. डीएसएलचा (बेच्या कडेने क्रेनला वीज पुरवणाऱ्या लाइनचा) मेन स्विच पाडा, त्याला कुलूप लावा, टॅग अडकवा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. सुपरवायझरच्या टेबलावर ठेवलेली किल्ली ही कुलपातली किल्लीच समजा. वर गेल्यावर आयसोलेटरच्या इनकमिंगला मीटर लावून सप्लाय खरंच गेला आहे का ते बघा, मगच हात घाला. फुल बॉडी हार्नेस, दोन लॅनयार्ड, हत्यारं पिशवीत, आणि खाली दोरी बांधून जागा बंद.

रिसीव्हर लोखंडी पॅनलच्या आत बसवू नका. पत्र्याचा डबा सिग्नल अडवतो, आणि मग रेंज नाही म्हणून तक्रार येते. पॅनलच्या बाहेर, खालून दिसेल अशा बाजूला तो लावा म्हणजे त्याचे एलईडी जमिनीवरून वाचता येतात. व्हीएफडी (मोटरचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह) आणि ब्रेक रेझिस्टरपासून शक्य तेवढा लांब. अँटेना सरळ उभा. सोबत आलेले रबरी बुश फेकून न देता लावा, एलटी चालताना गर्डर चांगलाच थरथरतो. केबल खालच्या बाजूने आत घ्या आणि तिला खाली एक झोळ द्या. नाशिकच्या पावसाळ्यात पत्र्याच्या शेडला कुठे ना कुठे गळती असतेच. वरून केबल घेतली तर ते पाणी केबलच्या अंगाने थेट रिसीव्हरमध्ये उतरतं.

आता वायरिंग. रिसीव्हरच्या केबलमधल्या वायरींवर नंबर असतात आणि झाकणाच्या आत किंवा पुस्तिकेत त्यांचा तक्ता असतो. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा. मागच्या क्रेनला केलं ते आठवून इथे जोडू नका. स्टॉपचे मेन रिले क्रेनच्या मेन कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलशी सीरिजमध्ये येतात. हालचालींचे रिले पेंडंटच्या बटणांना समांतर येतात, पण मध्ये पेंडंट-बंद-रिमोट असा किल्लीचा सिलेक्टर स्विच पाहिजेच. दोन्हीकडून एकाच वेळी क्रेन हलू शकता कामा नये.

एका जागी मात्र घाई अजिबात करू नका. हूक वर जाण्याच्या कॉइलच्या वाटेत अप्पर लिमिट स्विच असतो, हूक फार वर गेला की तो 'वर' बंद करतो. रिमोटची 'वर'ची वायर पेंडंटच्या बटणाच्या टर्मिनलवर, म्हणजे लिमिट स्विचच्या अलीकडे आली पाहिजे. ती थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर नेली तर क्रेन झकास चालते, कुणाला काही कळत नाही, आणि लिमिट मात्र रिमोटपुरता मेलेला असतो. मग एक दिवस हूक ब्लॉक ड्रमला जाऊन भिडतो आणि रोप तुटतो. तीच गोष्ट सीटी-एलटीच्या लिमिटची आणि वर-खालीच्या कॉन्टॅक्टरमधल्या, दोन्ही एकदम ओढू न देणाऱ्या इंटरलॉकची. कॉइलवर वायर नेणं सोपं वाटतं कारण कॉन्टॅक्टर समोर दिसतो आणि टर्मिनल शोधावा लागतो. शोधा.

व्हीएफडी असलेल्या क्रेनवर ड्राइव्हच्या इनपुटला बहुधा २४ व्होल्ट डीसी असतं. तिथे रिसीव्हरचे कोरे कॉन्टॅक्ट (ज्यांवर रिसीव्हरचं व्होल्टेज येत नाही ते) वापरायचे. ११० व्होल्टची कॉमन चुकून तिकडे गेली की ड्राइव्ह जळालाच म्हणून समजा. डीओएल क्रेन (ड्राइव्हशिवाय, मोटर थेट कॉन्टॅक्टरवर चालणारी) असेल तर प्रत्येक कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर लावा. कॉइल सुटताना उसळणारा व्होल्टेज रिसीव्हरला गोंधळवतो आणि त्याच्या रिलेचे कॉन्टॅक्ट खातो. "रिमोट मध्येच बंद पडतो" या तक्रारीचं मूळ बरेचदा इथे सापडतं. डायोड मात्र एसी कॉइलवर लावायचा नाही, तो डीसीसाठी. आणि प्रत्येक वायरला फेरूल, म्हणजे नंबराची नळी. रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन दुवा देईल.

पहिली चाचणी

मोटरचे एमसीबी पाडलेले ठेवून फक्त कंट्रोल सप्लाय द्या. एक जण खाली रिमोट घेऊन, एक जण वर पॅनलपासून हात लांब ठेवून. खालचा बटणाचं नाव मोठ्याने घेतो, दाबतो. वरचा कुठला कॉन्टॅक्टर ओढला ते ओरडून सांगतो. सगळी बटणं जुळली की मोटरचा सप्लाय द्यायचा आणि रिकाम्या हूकवर, हळू स्पीडला, तेच पुन्हा.

मग थांबण्याची परीक्षा, प्रत्येक हालचालीसाठी वेगळी. चालू हालचालीत लाल बटण दाबा, मेन कॉन्टॅक्टर पडला पाहिजे. पुन्हा सुरू करा आणि चालू हालचालीत रिमोटची बॅटरी काढा. सिग्नल गेल्यावर रिसीव्हरने थोड्याच वेळात आपणहून सगळं सोडलं पाहिजे; किती वेळात, ते पुस्तिकेत दिलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघा. ही चाचणी टाळू नका. रिमोट हातातून पडून फुटला तर क्रेन काय करणार, याचं उत्तर हीच देते. एखादं बटण दाबून धरूनच रिमोट सुरू करून बघा, चांगला सेट सुरू व्हायला नकार देतो. पुढे बेच्या चारही कोपऱ्यांत, मोठ्या प्रेसच्या आणि फर्नेसच्या आडून रेंज तपासा. शेवटी अप्पर लिमिट, रिकाम्या हूकने, हळूहळू.

दिशांच्या खुणा हे काम कुणी मनावर घेत नाही. रिमोटवर 'पुढे-मागे' लिहिलेलं असतं, पण माणूस फिरतो. बेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन क्रेनकडे तोंड केलं की त्याचं 'पुढे' उलटं होतं. म्हणून गर्डरच्या खालच्या बाजूला जमिनीवरून वाचता येतील एवढे मोठे रंगीत बाण लावा आणि रिमोटच्या बटणांवर त्याच रंगाचे स्टिकर. नावं द्यायची तर न फिरणारी द्या: 'गेट' आणि 'स्टोअर', किंवा अंबडच्या शेडमध्ये 'हायवे' आणि 'पांडवलेणी'. खलाशी (लोडला पट्टा बांधणारे) लोक बोलताना दिशा तशाच सांगतात, स्टिकरवरही तेच येऊ द्या. अंगावर येणाऱ्या लोडसमोर 'माझं डावं की क्रेनचं डावं' असा विचार करायला सवड नसते.

एवढं झाल्यावरही क्रेन उत्पादनाला देण्याआधी सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घ्या. बारा महिन्यांतून किमान एकदा उचलयंत्राची कसून तपासणी करण्याचा नियम १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या कलम २९ पासून चालत आला आहे. कंट्रोलमध्ये एवढा बदल केल्यावर पुढच्या तारखेची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. त्याच कलमाने आणखी एक गोष्ट सांगितली: क्रेनच्या रुळाजवळ, धडक बसेल अशा जागी माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्यापासून सहा मीटरच्या आत येणार नाही अशी सोय पाहिजे. पेंटर, पत्रे बदलणारे, डीएसएलवर काम करणारे वर असतील तेव्हा रिमोटची किल्ली काढून घ्या आणि डीएसएलचा मेन स्विच कुलपात ठेवा.

पाळीच्या सुरुवातीला

रोज, पहिलं लोड उचलण्याआधी: रिमोटचं रबर फाटलंय का, बटण दाबून सोडल्यावर परत वर येतं का, लाल बटण अडकत नाही ना. ग्रीसच्या हाताने वापरलेल्या रिमोटची बटणं चिकटतात. ती कोरड्या फडक्याने पुसायची, थिनरने नाही. बॅटरी चार्ज झालेली घ्यायची. हिवाळ्यात निफाडकडून येणाऱ्या मुलांना सांगायला नको, पहाटेच्या थंडीत बॅटरी लवकर मान टाकते आणि जाड हातमोज्यांत बटणाचा अर्धा टप्पा बोटाला कळत नाही.

मग रिकामा हूक: भोंगा, सहाही दिशा, लाल बटण, अप्पर लिमिट. हूकची सेफ्टी लॅच मिटते का ते बघा. पहिलं जड लोड जमिनीपासून वीतभर उचलून थांबा आणि ब्रेक धरतो का बघा. घसरत असेल तर क्रेन बंद, फिटरला बोलवा. "थोडंसंच सरकतंय" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

चालवताना

लोड जिथे जाणार ती वाट आधी एकदा पायी चालून बघा. कुठे ट्रॉली उभी आहे, कुठे कुणी वाकून काम करतोय, ते तेव्हाच दिसतं. उभं राहायचं ते लोडच्या बाजूला, थोडं मागे, लोडही दिसेल आणि उतरवायची जागाही दिसेल असं. लोड आणि भिंत किंवा मशीन यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत कधीच नाही. उलटं चालत लोड ओढून नेल्यासारखं करू नका, मागे काय आहे ते तुम्हाला दिसत नसतं. शंभर मीटरची रेंज आहे म्हणून चहाच्या टपरीवरून क्रेन हलवायची नसते. जिथून स्लिंग (लोड उचलायचा पट्टा) नीट दिसत नाही तिथून बटणाला बोट लावायचं नाही.

आता मोकळ्या हाताबद्दल. पेंडंटच्या काळात खलाशी पट्टा लावायचा आणि ऑपरेटर बटण दाबायचा. रिमोट आल्यावर बऱ्याच ठिकाणी दोन्ही कामं एकाच माणसाकडे आली. मग काय होतं ते जवळून बघा. डाय (प्रेसचा लोखंडी साचा) उचलायची आहे. पट्टा कोपऱ्यावरून सरकतोय म्हणून डावा हात पट्ट्यावर दाबून धरलेला असतो आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने 'वर' अर्धं दाबलेलं असतं. पट्टा ताणला जातो, आणि डायची कड व पट्टा यांच्यामध्ये बोटं येतात. दुखलं की माणूस दचकतो, दचकला की अंगठा आणखी दाबला जातो, अर्ध्याचं पूर्ण होतं आणि हळूचा स्पीड जोराचा होतो. म्हणून नियम असा ठेवा: पट्ट्याला किंवा हूकला हात लावायचा असेल तेव्हा रिमोट बंद, कमरेला. पट्टा ताठ करायचा तर हात काढून, दोन पावलं मागे सरून, हळू स्पीडला. पट्टा सरकतोय तर तो लावलाच चुकीचा आहे. खाली घ्या, पुन्हा लावा, कोपऱ्याला पॅकिंग द्या. लांब लोड फिरू नये म्हणून हाताऐवजी दोरी बांधून धरा.

स्लिंगचं शास्त्र हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. दोन पायांच्या स्लिंगमधला कोन वाढला की प्रत्येक पायावरचा ताण वाढतो आणि १२० अंशांना तो एकेका पायावर पूर्ण वजनाएवढा होतो, एवढं मात्र डोक्यात असू द्या. आणि क्रेन सरळ वर उचलण्यासाठी असते. तिरका हूक लावून लोड फरफटत आणायला नाही.

बटण टकटक दाबत क्रेन चालवायची सवय लावून घेऊ नका, कॉन्टॅक्टर आणि ब्रेक दोन्ही खराब होतात आणि लोड झोके खातं. हळू सुरू करा, मग स्पीड द्या, थांबायच्या बरंच आधी पुन्हा हळू या. लोड झुलायला लागलं तर ज्या दिशेला ते झुकतंय त्याच दिशेला क्रेन किंचित नेऊन झोका मारता येतो. हे रिकाम्या हूकवर शिकून घ्या, भरल्या लोडवर प्रयोग नको.

लाल बटण रोज थांबण्यासाठी वापरायचं नाही. ते दाबलं की सगळे ब्रेक एकदम पडतात, क्रेन जागेवर थांबते आणि लोड मात्र पुढे झुलतं. ते संकटासाठी राखून ठेवा, पण संकटात क्षणभरही विचार करू नका. इशारे एकाच माणसाचे पाळायचे, "थांब" मात्र कुणीही म्हटलं तरी थांबायचं, मग तो झाडूवाला का असेना.

आणि लाल बटणालाही एक मर्यादा आहे. कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट वितळून चिकटले तर बटण सोडूनही हालचाल चालू राहते. तेव्हा लाल बटण मेन कॉन्टॅक्टर पाडतं आणि क्रेन थांबते. मेन कॉन्टॅक्टरच चिकटला असेल तर रिमोटच्या हातात काही उरत नाही. जमिनीवरचा डीएसएलचा मेन स्विच पाडावा लागतो. तो कुठल्या खांबावर आहे, त्याच्यापुढे मालाचे क्रेट रचलेत का, हे पहिल्या दिवशी जाऊन बघा. नव्या ऑपरेटरला मी आधी तो स्विच दाखवायला सांगतो, मग रिमोट देतो.

अडलं तर

लोड हवेत असताना रिमोट मेला तर घाबरू नका, वीज गेली की ब्रेक धरतो. लोडखालची जागा बंद करा, एक माणूस तिथे उभा करा, बॅटरी बदला, पुन्हा सुरू करा. नाहीच झालं तर सिलेक्टर पेंडंटवर टाकून लोड उतरवा. पेंडंट काढून भंगारात टाकू नये तो याचसाठी.

रिसीव्हर खोलण्याआधी साध्या गोष्टी बघा: बॅटरी, लाल बटण दाबलेलंच राहिलंय का, सिलेक्टर कुठे आहे, रिसीव्हरला सप्लायचा दिवा लागलाय का. सिग्नलचा दिवा लागतोय, रिले वाजतोय, पण क्रेन हलत नाही म्हणजे बिघाड रिमोटचा नाही, पुढे पॅनलमध्ये शोधा. फक्त एका जागी बंद पडत असेल तर डीएसएलचा कलेक्टर (त्या लाइनवर घासत क्रेनला वीज घेणारा भाग) तिथे उडत असण्याची शक्यता जास्त.

एकाच गॅन्ट्रीवर (रुळांच्या एकाच जोडीवर) दोन क्रेन असतील तर दोन्ही रिमोटांवर क्रेनचा नंबर ठळक रंगवा. प्रत्येक सेटचा कोड वेगळा असतो, त्यामुळे एकाच्या रिमोटने दुसरी हलत नाही. पण माणूस चुकीचा रिमोट उचलू शकतो. म्हणून सुरू केल्यावर आधी भोंगा वाजवा आणि आवाज कुठल्या क्रेनवरून आला ते ऐका. राखीव रिमोट मुख्य रिमोटच्याच कोडवर जोडलेला असेल तर तो बॅटरी काढून सुपरवायझरच्या कपाटात, कुलपात राहू द्या. मुख्य रिमोट दुरुस्तीला गेल्यावरच तो बाहेर काढायचा, आणि लॉगबुकात नोंद करून.

पाळी संपली की हूक रिकामा करून डोक्याच्या वर घ्या, क्रेन ठरलेल्या जागी लावा, लाल बटण दाबा, किल्ली काढा. रिमोट पुढच्या ऑपरेटरच्या हातात द्या, टेबलावर ठेवून जाऊ नका. दिवसभरात क्रेनने काही वेगळं केलं असेल, एखादं बटण उशिरा सुटलं, ब्रेक जरा सरकला, तर ते त्याला तोंडी सांगा आणि लॉगबुकातही लिहा.